चंद्रीला मध्ये न घेता

मामा, परवा तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना. सीना नदीच्या कोरड्या वाळूत पिंड ठेवून पुरुष मंडळी लांब सरकली. आम्ही बायका मागे बाभळीखाली उभ्या होतो. वाळू इतकी तापली होती की अनवाणी पाय ठरत नव्हता, आणि कावळे समोरच्या झाडात चोची उघड्या टाकून बसले होते.

तुमचे चिरंजीव हात जोडून पुढे झाले. म्हणाले, "आन्ना, विहीर आनखी दोन परस खोल घेतो." कावळा हलला नाही. मग म्हणाले, "आईला अंतर देनार न्हाई." तरी नाही. वन्सं रडत रडत काहीतरी बोलल्या. शेवटी शेजारचे सोपानराव म्हणाले, "आन्नाचा जीव शेरडीत आडाकला आसंल. म्हना की, चंद्रीला इकनार न्हाई." तेही म्हणून झालं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तुमचा जीव कशात अडकला होता ते त्या सगळ्या माणसांत एकटीला मला ठाऊक होतं, आणि मी पदर आणखी पुढे ओढून गप्प उभी राहिले.

पुढे बऱ्याच वेळाने एक कावळा आला आणि शिवून गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला मात्र वाटतं की तो तहानेने आला, पिंडावर दही ओतलेलं होतं. तुम्ही असतात तर खाली शेळीकडे बघून म्हणाला असतात, "चंद्रे, सांग तिला, कावळ्याला बी आकरा वाजता सावली लागती. सकाळी लौकर उरकायचं हुतं."

तुम्ही गेलात त्या दिवशी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. गेल्या उन्हाळ्यातल्या एका वावटळीबद्दल. ती कोणत्या अंगाने फिरत होती, एवढंच तुम्हाला हवं होतं. माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते दिलं नाही. बारा दिवस झाले, भाकरी थापताना, पाणी शेंदताना तेच डोक्यात आहे. म्हणून आज आत्या जरा आडव्या झाल्यावर मॅट्रिकच्या वेळची उरलेली वही काढून बसले आहे.

आणि बघा, "मामा" ही हाक मी आज पहिल्यांदा मारते आहे. दीड वर्ष तुमच्या घरात राहिले, पण तुम्हाला समोरून हाक मारली नाही. आपल्याकडे सुनेने सासऱ्यासमोर बसू नये, तोंड वर करून बघू नये, सरळ बोलू नये. काही सांगायचं तर सासूकडून सांगावं, म्हणजे मी आत्यांकडून. मी अकोले तालुक्याच्या डोंगरातली, पण आमच्याकडेही तेच. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. अडचण आली ती त्या आठवड्यात.

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. लग्न होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. तुमचे चिरंजीव बैल आणि गाय घेऊन छावणीवर गेले होते. त्यात वन्सं बाळंत झाल्याचा निरोप आला आणि आत्या आठ दिवसांसाठी तिकडे गेल्या. जाताना मला शंभर गोष्टी सांगितल्या, पण मामांशी बोलायचं कसं ते काही सांगितलं नाही. त्यांच्या लक्षात आलं नसावं. मिरजगावपासून दीड मैलावरची आपली वस्ती. आसपासची माणसं खडी फोडायला गेलेली. मागे उरलो तुम्ही, मी, चार कोंबड्या आणि चंद्री शेळी.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आपण दोघे एक अक्षर बोललो नाही. मी ताट झाकून उंबऱ्याशी ठेवलं आणि आत जाऊन बांगड्या वाजवल्या. तुम्ही जेवलात. मीठ कमी होतं, हे मला नंतर माझं जेवताना कळलं. तुम्ही ताट बाहेर सरकवलंत, मिशीवरून हात फिरवलात आणि दाव्याला बांधलेल्या चंद्रीला म्हणालात, "चंद्रे, आज आळनी भाकर खाल्ली गं. सांग कुनाला सांगायचं त्याला."

मला आत हसू आवरेना. मग धीर करून मीही दाराआडून म्हणाले, "चंद्रे, सांग, उद्या दोन चिमटी जास्त घालीन."

तुम्ही चंद्रीला म्हणालात, "दोन नको. येक बास."

झालं, तिथून आपला व्यवहार सुरू झाला. चंद्री बिचारी पाला चघळत दोन्हीकडे कान वळवायची. तिच्याइतकं निरोप्याचं काम कुणी केलं नसेल आणि तिने कधी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

त्या आठवड्यातलं ऊन मी अजून विसरले नाही. आमच्याकडे भंडारदऱ्याच्या अंगाला उन्हाळा म्हणजे करवंदं, जांभळं आणि संध्याकाळी डोंगरावर उतरणारं मळभ. उन्हाळ्याला एवढी जागा लागते हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. तुमच्या दारातून बघावं तर नजर कुठे अडतच नाही. काळी जमीन, तीत हात जाईल एवढ्या भेगा, आणि त्यावर पांढरट आभाळ. सकाळी आठपर्यंत बरं असायचं. दहाला पश्चिमेचा वारा सुटायचा आणि बाराला एकदम पडायचा. मग ते उभं राहायचं.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला वाटलं कुणाच्या तरी कडब्याला आग लागली. लांब शेतातून धुराचा खांब उठला आणि चालायला लागला. मी घाबरून ओरडले, "चंद्रे, जाळ! जाळ लागला!"

तुम्ही दारच्या कडुलिंबाखालून उठलात, कपाळावर हात धरून बघितलंत आणि इतके हसलात की खोकला आला. "चंद्रे, सांग तिला, जाळ न्हवं. वावटळ हाय ती. हिच्या माहेरी वावटळ न्हाई व्हय?"

"न्हाई म्हणून सांग," मी म्हणाले. "आणि विचार, ती उभी कशी राहते? वारा तर पडलाय."

या प्रश्नावर तुम्ही त्या खांबाकडेच बघत राहिलात, आठवतं? मला वाटलं माझं काही चुकलं. सुनेने चौकशा करू नयेत, असं वाटून मी आत वळले. तेवढ्यात तुम्ही चंद्रीला म्हणालात, "लई चांगलं इचारलं. साठ वरसं बघतोय, पर हे कधी मनात आलं न्हाई." मामा, माझ्या प्रश्नाला "चांगलं विचारलं" असं त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. शाळेत मास्तर म्हणायचे, पुढचं वाच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घार दाखवलीत. म्हणजे चंद्रीला दाखवलीत. वावटळ उठायच्या आधी घार तिथे येऊन फिरायला लागते, पंख न हलवता वर वर जाते. "तिला खालनं काईतरी ढकलतंय," तुम्ही म्हणालात. "जिमीन तापली की वर सोडती. उतू जानाऱ्या दुधागत." ते मी अजून धरून ठेवलं आहे. आता दूध वर आलं की मला तुमचं काळं रान आठवतं.

वावटळीत भुतं नाचतात, असं आत्या म्हणायच्या. तुमचं म्हणणं निराळंच होतं. तुम्ही सांगितलंत की वावटळ दोन जातींची असते. एक जात्यासारखी फिरते आणि एक जात्याच्या उफराटी. "जात्यागत फिरली म्हंजी दळन व्हनार. दळन व्हनार म्हंजी दाना येनार. दाना येनार म्हंजी पाऊस. आन उफराटी फिरली की आलेलं बी माघारी न्हेनार." वडिलांनी सांगितलंय का म्हणून मी चंद्रीला विचारायला सांगितलं. "न्हाई, माझंच हाय," तुम्ही म्हणालात, जरा अभिमानानेच.

मी म्हणाले, "चंद्रे, मोजून बघितलंय का, विचार."

तुम्ही मोजलं नव्हतं. मग मोजायचं ठरलं. ओसरीच्या भिंतीतल्या दोन कोनाड्यांतली पणती आणि चुन्याची डबी काढून टाकलीत. उजव्या कोनाड्यात जात्यासारखीचे खडे, डाव्यात उफराटीचे. तुम्ही लिंबाखालून बघायचं आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून. मला दिसलेलीही धरायची, असं तुम्हीच म्हणालात.

आता हसू येतं. सगळा मुलूख पाण्यासाठी वणवणत होता आणि आपण सासरा-सून दुपारच्या दुपार खडे टाकत बसलो होतो. पण मामा, पहाटेचं पाणी आपण शेंदून ठेवलेलं असायचं. विहिरीच्या तळाला रात्रभर पाझरून सात-आठ कळशा साठायच्या, तेवढं झालं की करायला दुसरं होतं काय? नांगरायला बैल नव्हते आणि पेरायला ओल नव्हती. आभाळाकडे बघणं एवढंच शेतीचं काम उरलं होतं, आणि ते तुम्ही नेमाने केलंत.

भांडणही लगेच सुरू झालं. मला उफराट्या जास्त दिसायच्या आणि तुम्हाला जात्यासारख्या. "चंद्रे, तिला म्हनावं, चुलीचा धूर डोळ्यात गेला आसंल." मी म्हणायची, "चंद्रे, सांग, लिंबाखाली डुलकी लागली असेल." चौथ्या दिवशी विहिरीच्या अंगाने एक गेली, दोघांनीही बघितली. मी म्हणाले उफराटी, तुम्ही म्हणालात जात्यासारखी. कुणी मागे हटेना.

मग तुम्ही गाडीच्या चाकाचा दाखला काढलात. "चंद्रे, गाडीचं चाक ह्या अंगानं बघ आन त्या अंगानं बघ. उफराटं दिसतं का न्हाई? ती तिकडनं बघती, म्या हिकडनं बघतो. दोगं बी खरं."

तुम्हाला वाटलं आता सून निरुत्तर झाली. मला क्षणभर पटलंही होतं. पण नंतर भांडी घासताना लक्षात आलं की चाक उभं फिरतं, आणि वावटळ जात्यासारखी आडवी. मी हात धुतले, जातं ओसरीवर ओढून आणलं आणि म्हणाले, "चंद्रे, सांग, मी जातं फिरवते. भोवती फिरून बघायला सांग. जिथे उभं राहावं तिथे समोरून खुंटा एकाच बाजूला जातो का नाही?"

मी डोक्यावरचा पदर दातात धरून रिकामं जातं ओढायला बसले आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून, वाकून, जात्याभोवती फिरायला लागलात. एक फेरा झाला. तुम्ही हुंकार भरलात. दुसरा सुरू केलात. चंद्रीला वाटलं दाणे आहेत, तीही दावं तोडून तुमच्यामागे फिरायला लागली. नेमके तेवढ्यात सोपानराव काडेपेटी मागायला आले.

ते दारात थबकले. म्हणाले, "काय आन्ना, सुनंला प्रदक्षिना घालाया लागलाय व्हय?"

तुम्ही न थांबता म्हणालात, "न्हाई रं, जात्याला."

"आन जात्याला का म्हून?"

"वावटळ कळंना म्हून."

सोपानराव काडेपेटी न घेताच निघून गेले. ऊन लागून आण्णा भ्रमलेत, असं त्यांनी गावात सांगितलं, हे मला पुढे कळलं. तुम्ही मात्र तिसरा फेरा पुरा करून उभे राहिलात आणि म्हणालात, "चंद्रे, ती म्हनती ते खरं हाय. कुटूनबी बघा, येकच दिसतंय. म्हंजी मगाशी आमच्या दोगातलं येक कुनीतरी चुकलंच." मग थोडं थांबून म्हणालात, "मीच आसंन. डावीकडं टाक तो खडा."

मामा, गावात तुमचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. तुमच्या मुलालाही तुमच्याशी वाद घालताना मी बघितलेलं नाही. आणि तुम्ही चार महिन्यांच्या सुनेपुढे चूक कबूल केलीत, तेही शेळीच्या साक्षीने. सासरी आपलं कसं होणार, याची धास्ती घेऊन मी डोंगर उतरून आले होते. ती त्या दिवशी गेली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. चंद्रीकडून सांगण्यासारखं ते नव्हतंच.

पाचव्या दिवशी हवा बदलली. सकाळपासूनच कोंदट होतं, घाम वाळेना. दुपारी एकही वावटळ नाही. चार वाजता पूर्वेला, बीडच्या अंगाला, ढग चढले आणि खाली निळसर पडदा धरला. विजा चमकत होत्या आणि आपल्या दारात पानही हलत नव्हतं. मग एकदम गार वारा आला, त्याच्याबरोबर ओल्या मातीचा वास. आपण दोघे अंगणात उभे. तुम्ही चंद्रीची मान खाजवत तोंड वर करून वास घेत होतात. थेंब काही पडला नाही. अर्ध्या तासात ढग विरलेही.

"दुसऱ्याच्या घरचं जेवान," तुम्ही म्हणालात. "वासावर झोपायचं." आणि आत गेलात. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. मी चंद्रीला तीनदा सांगितलं, पण उत्तर आलं नाही. तेव्हा मला कळलं की हे खडे तुमच्यासाठी नुसता खेळ नव्हता. पुढचा पाऊस येणार की नाही, हे तुम्हाला कुठूनतरी कळून घ्यायचं होतं, आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

सहाव्या दिवशी उकाड्याने जीव नकोसा झाला. कोंबड्या रांजणाखालच्या ओलीत पोट टेकून बसल्या होत्या. वावटळी पुन्हा उठायला लागल्या. संध्याकाळी आपण खडे मोजले. उजवीकडे सतरा, डावीकडे सतरा. तुम्ही पुन्हा मोजायला लावलेत. सतरा आणि सतराच.

"मंग काय समजायचं?" तुम्ही विचारलंत. आणि मामा, त्या वेळी तुम्ही चंद्रीचं नाव घ्यायला विसरला होतात.

मी म्हणाले, "चंद्रे, सांग, उद्याचा दिवस अजून आहे."

सातव्या दिवशी जेवण करून तुम्ही लिंबाखाली घोंगडी टाकलीत. शेजारीच चंद्रीचा आडोसा, त्यावर दगड ठेवलेला तो जुना पत्रा. तारेने आवळायचा म्हणून तुम्ही महिनाभर म्हणत होतात. मी दारात तांब्या घासत बसले होते. समोरच्या रानातून एक वावटळ उठली. आठवडाभरातली सगळ्यांत मोठी. पाचोळा, कडब्याची पानं, कुणाचंतरी फडकं, सगळं घेऊन ती सरळ वस्तीकडेच निघाली. मी उठून उभी राहिले. तुम्ही कुशीवर झोपला होतात, टोपी तोंडावर.

ती अंगणात शिरली. पत्र्याचा एक कोपरा उचलला, पडला, पुन्हा उचलला, आणि दगड घरंगळला. मला हाक मारायची होती. "मामा, सरका" एवढं दोन शब्दांचं काम होतं. ते गळ्यापर्यंत आलेही. आणि तोंडातून निघालं ते, "चंद्रे! उठव त्यांना! सरकायला सांग!"

चंद्रीने कान टवकारून माझ्याकडे बघितलं. तुम्ही माझ्या ओरडण्याने जागे झालात, टोपी बाजूला केलीत, आणि मामा, तुम्हीही आधी चंद्रीकडेच बघितलंत. सात दिवसांची सवय. तिथून वर बघेपर्यंत पत्रा सुटला होता. तुम्ही पाय ओढलेत, पण उजवी टाच पत्र्याच्या धारेखाली राहिली.

मी धावले. पदर कधी खांद्यावर पडला ते कळलं नाही. हळदीचा डबा तुमच्या टाचेवर पालथा केला, आणि जुनं लुगडं फाडून बांधलं. तुम्ही दात आवळून आभाळाकडे बघत होतात. मग हळूच म्हणालात, "चंद्रे, सांग तिला, भिऊ नको म्हनावं. पाय हाय, मान न्हाई."

आणि थोड्या वेळाने, "आन इचार तिला. माझं काई बघायचं झालं न्हाई. कोन्च्या अंगानं फिरत हुती?"

मी रक्ताने भरलेले हात धूत होते. मी म्हणाले, "चंद्रे, सांग, जात्यासारखी."

तुमचा चेहरा असा उजळला की मला पुढे काही बोलता येईना. तुम्ही बोटाने उजवा कोनाडा दाखवलात. मी खडा उचलला आणि टाकला. उजवीकडे अठरा.

दुसऱ्या दिवशी आत्या आल्या आणि आपले निरोप पुन्हा त्यांच्यामार्फत जायला लागले. पाय कसा कापला म्हणून त्यांनी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "पत्रा आवळायचा ऱ्हायला, माझीच चूक." माझ्या हाकेचं नावही काढलं नाहीत. टाच भरून आली, पण तुम्ही लंगडायला लागलात ते कायमचे. तुमच्या वहाणांचा एक लांब, एक आखूड असा आवाज आला की माझ्या हातातलं काम दर वेळी थांबायचं. मी एका श्वासाने लवकर ओरडले असते तर? मी "मामा" म्हणाले असते तर? हे गणित मी पुष्कळदा मांडलं. मॅट्रिकला गणितात मी काठावर पास झाले होते, त्यामुळे सुटलं नाही.

त्या वर्षी पाऊस आला. चांगला आला, ज्वारी कमरेच्या वर गेली. आणि तुम्ही गावभर सांगत सुटलात. पारावर, बाजारात, पाव्हण्यारावळ्यांत, "सतरा-सतरा झालते. आठरावी जात्यागत फिरली, माज्या सुनंनं सोताच्या डोळ्यानं बघितली. मॅट्रिक झालेली हाय, खोटं सांगायची न्हाई." लोक मला विचारायला यायचे, यंदा काय म्हणते वावटळ म्हणून. मी मान खाली घालून आत जायची. त्यांना वाटायचं सून लाजाळू आहे.

तुम्हाला शंका कधी आली, हे मला फार जाणून घ्यायचं आहे. यंदाच्या चैत्रात पहिली वावटळ उठली तेव्हा तुम्ही कोनाड्याकडे बघितलंत आणि खडे काही काढायला सांगितले नाहीत. का? मी तेव्हा पटकन जागची उठून गेले, त्यावरून ओळखलंत का? की त्या दिवशी माझा पदर पडलेला आठवून तुम्ही मनाशी काही जुळवलंत? तुम्ही घारीवरून वावटळ ओळखायचात, तुम्हाला सून ओळखणं काय अवघड होतं.

मग छातीत कफ भरला आणि तुम्ही अंथरूण धरलंत. त्या शेवटच्या दिवशी खोली माणसांनी भरली होती. उशाशी आत्या, पायाशी वन्सं, तुमचे चिरंजीव पाणी पाजत होते. मी दाराशी उभी होते, डोक्यावरून पदर घेऊन. तुम्ही डोळे उघडलेत आणि सगळ्यांच्या वरून सरळ माझ्याकडे बघितलंत. चंद्रीला मध्ये न घेता.

"पोरी," तुम्ही म्हणालात, "खरं सांग. त्या दिवशीची ती, कोन्च्या अंगानं फिरत हुती?"

सगळे चमकून माझ्याकडे बघायला लागले. आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "वात झालाय. बरळत्यात." पण तुम्ही बरळत नव्हतात. तुमचे डोळे मला चांगले माहीत होते, दाराआडून का होईना, मी ते वर्षभर बघितले होते. तुम्ही वाट बघत होतात. मी काय केलं? मी खिडकीतून बाहेर चंद्रीकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या माणसांत सासऱ्याला उत्तर द्यायचं मला जमलं नाही.

तुम्ही थोडं हसल्यासारखं केलंत आणि डोळे मिटलेत. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं.

आत्ता दुपार आहे. लिंबाखाली तुमची घोंगडी नाही. चंद्री दोन करडं घेऊन सावलीला बसली आहे आणि मी काही बोलले की कान वळवते. सकाळपासून चार वावटळी गेल्या. दोन जात्यासारख्या, दोन उफराट्या. मला वाटतं मामा, त्या दोन्ही अंगांनी फिरतात आणि त्यांचं पावसाशी काही देणंघेणं नाही. तुम्हाला हे पटणार नाही. तुम्ही म्हणाल, आनखी मोज. मी मोजेन.

उजव्या कोनाड्यातला एक खडा मी आज काढून घेतला. तो तिथे टाकायला नको होता. डावीकडेही टाकायला नको होता. तुम्हाला जे विचारायचं होतं त्याचं खरं उत्तर त्या दिवशी मला कुणाकडूनही पाठवता येण्यासारखं नव्हतं, शेळीकडूनही नाही, कारण सुनेने जे करू नये तेच मी करत होते.

मामा, ती कशी फिरत होती ते मला माहीत नाही. ती कोणत्या अंगाने फिरते हे मी बघितलंच नाही. मी तुमच्याकडे बघत होते.